मोरीतल्या चिंबोऱ्या, गोठ्यातलं रेडकू

समुद्रकाठची | ६ फेब्रुवारी, रात्री ११:१०

दापोली तालुक्यात आमची घरगुती खानावळ आहे. चार खोल्या, आठ टेबलं, मासे, आंबोळ्या, सोलकढी. गेल्या शुक्रवारी बारा जणांचा गट येणार होता आणि त्यांनी आधीच चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, सांगून ठेवल्या होत्या. खाडीवरच्या ओळखीच्या बाईकडून मी अठरा चिंबोऱ्या आणल्या, डेंगे (पुढच्या नांग्या) सुतळीने आवळलेल्या. गट काही आला नाही. गाडी बिघडली, उद्या येतो म्हणाले, उद्याचा परवा झाला. चिंबोऱ्या मोरीत ओल्या गोणपाटाखाली तीन दिवस राहिल्या.

आमची झोपायची खोली मोरीला लागून आहे. दुसऱ्या रात्री मला खरखर ऐकू आली. डेंगे बांधले तरी बाकीचे पाय मोकळे असतात, ते लादीवर घासत होते. दिवा लावून पाहिलं. एक चिंबोरी गोणपाटाबाहेर येऊन कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तोंडाला फेस, डोळ्यांचे देठ आत जात होते, बाहेर येत होते. सुतळी इतकी रुतली होती की डेंग्याच्या सांध्यातून काळपट पाणी सुटलं होतं. मी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, गोणपाट नीट केलं आणि येऊन झोपले. नळाचं गोडं पाणी होतं ते. खाऱ्या पाण्यातल्या जिवावर मी गोडं पाणी ओतून आले, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

त्याच संध्याकाळी परसात आई गेलेलं मांजराचं पिल्लू सापडलं होतं आणि मी त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं होतं. तासभर मांडीवर घेऊन बसले होते. हात तेच, दिवस तोच.

तेव्हापासून डोक्यातून एक जुनी गोष्ट जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासरी म्हैस होती. माझ्यासमोर ती पहिल्यांदा व्याली आणि सासूबाई गोठ्यातून बाहेर येऊन म्हणाल्या, "रेडा झाला गो." घरात कोणी आजारी पडल्याचं सांगावं तसा आवाज. पुढचे दिवस मी रोज पाहिले. पान्हा फुटेपर्यंत रेडकाला दोन चोखे घेऊ द्यायचे, मग ओढून खुंट्याला बांधायचं. ते दाव्याला ताण देऊन आईकडे बघत राहायचं. दहाव्या दिवशी पोट खपाटीला गेलं, विसाव्या-बाविसाव्या दिवशी सकाळी ते उठलंच नाही. म्हैस पान्हा चोरायला लागली. मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवला. ती त्याला चाटायची आणि चाटता चाटता पान्हा सोडायची. ते दूध आम्ही चहाला घेतलं, देवाच्या नैवेद्याला घेतलं, एकादशीला पवित्र म्हणून प्यायलो.

माझ्या सासूबाई दुष्ट नव्हत्या. मुंग्यांच्या रांगेवर पाय पडू नये म्हणून त्या अंगण झाडताना थांबायच्या. त्या आता नाहीत आणि त्यांच्याविषयी हे लिहिताना मला जड जातंय. पण रेडकू मारलं असं त्या घरात कोणालाही वाटलं नाही, मलासुद्धा नाही. "जगलं नाही" एवढंच आम्ही म्हणालो.

मांसाहार चांगला की वाईट हा वाद मला इथे नको. माझी चूलच माशांवर पेटते. मला एवढंच विचारायचं आहे की कोणाचा जीव मोजायचा आणि कोणाचा नाही, हे आपण कशावरून ठरवतो? आणि आपल्या घरात असं काय काय आहे, जे कोणाच्या तरी अंगावरून ओरबाडून आलंय आणि आपल्या डोळ्यांना दिसत नाही? आपण मंडळी कोकणातली आहात, गुरं-मासे जवळून पाहिलेली आहात. मनापासून लिहा.

केळशीकर | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:२५

वाचून सुन्न झालो. आमच्या गोठ्यातही हेच पाहिलंय. पेंढ्याचं वासरू मी लहान असताना खेळणं समजून ओढत फिरायचो. ते काय होतं हे कोणी सांगितलं नाही.

गुरांचा_डॉक्टर | ७ फेब्रुवारी, दुपारी २:०५

समुद्रकाठची ताई, तुम्ही जे लिहिलंत ते मी एकवीस वर्षं नोकरीत पाहिलं. गोठ्यात शिरलं की मालकाच्या चेहऱ्यावरूनच कळायचं, नर झालाय की मादी.

म्हैस असो वा गाय, व्याल्याशिवाय दूध नाही. म्हणजे दुधासाठी दर वर्षा-दीड वर्षाला एक वेत, आणि वेतांतली निम्मी पिल्लं नर. पूर्वी रेडा चिखलणीला लागायचा, भातखाचराच्या चिखलात त्याच्यासारखं जनावर नाही. आता पॉवर टिलर आला. नराला काम नाही आणि पाजलेल्या प्रत्येक लिटरचा पैसा डोळ्यांसमोर दिसतो. मालक गरीब असतो, त्याच्यावर मी कधी ओरडलो नाही. पण उपाशी मरायला तीन आठवडे लागतात आणि ते तीन आठवडे रेडकाचे असतात, एवढं मी प्रत्येक ठिकाणी सांगत आलो.

गाईच्या नरांची गत वेगळी आणि तितकीच वाईट. २०१५ पासून राज्यात बैल, वळू, गोऱ्हे कापायलाही बंदी आहे. रेड्याला ती बंदी लागू नाही. एकाच गोठ्यात शेजारी बांधलेला जर्सी गोऱ्हा कागदावर सुरक्षित आणि रेडकू असुरक्षित, पण दूध दोघांनाही मिळत नाही. मग रात्री टेम्पोतून नेऊन गोऱ्हे महामार्गाच्या कडेला सोडतात. सकाळी ट्रकखाली चिरडलेले मी उचलायला लावलेत.

आता एक गोष्ट जी फार थोड्या जणांना ठाऊक असते. म्हशीच्या किंवा गाईच्या पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. माणसाच्या बाळाला नाळेतून मिळतात, यांना नाही. वासरू अगदी रित्या हाताने जगात येतं आणि त्याला जे काही मिळायचं ते चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून. तेही पहिल्या काही तासांत. चोवीस तासांत त्याच्या आतड्याची ती द्रव्यं जशीच्या तशी आत घेण्याची ताकद संपते. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवशी पोटात जायला हवा, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आपल्याकडे तो चीक कुठे जातो? खरवसाला. वाटीवाटीने शेजारी जातो, मुंबईला डब्यातून जातो. वार (पिल्लामागून पडणारा नाळेचा भाग) पडायच्या आधी रेडकाला पाजू नये हा समज तर अजूनही आहे. नंतर हगवण लागून पिल्लू मरतं आणि मालक म्हणतो, नजर लागली.

खरवस खाऊच नका असं मी म्हणत नाही. पिल्लू पोटभर प्यायल्यावर चांगल्या म्हशीचा चीक उरतो. पण आधी पिल्लू.

सोलकढी | ७ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

चिकाचं हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या बाळंतपणात नर्सने बाळाला पहिल्या तासात चीक पाजायला लावला होता, तोच शब्द वापरून. आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात शेजारून आलेला खरवस मी आवडीने खाल्ला. दोन्हीकडे "चीक" म्हणतो आपण आणि तरी मला जोडता आलं नाही.

प्रश्नचिन्ह | ७ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकते. ताईंच्या पहिल्या प्रश्नाला एक नाव आहे. केवळ दुसऱ्या प्रजातीचा आहे म्हणून एखाद्याच्या वेदनेला कमी भाव देणं, याला रिचर्ड रायडर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये शब्द घडवला. मराठीत प्रजातिवाद म्हणतात. रायडर स्वतः आधी प्राण्यांवरच्या प्रयोगशाळांत काम केलेला माणूस होता.

चिंबोऱ्यांविषयी. "त्यांना कुठे कळतं" असं आपण म्हणतो, पण बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांना दोन अंधाऱ्या कपारी दिल्या, एकीत गेलं की विजेचा हलका झटका. खेकड्याला अंधारी जागा जिवापाड प्रिय असते. तरी थोड्याच फेऱ्यांत ते झटक्याची कपार टाळून दुसरीकडे जायला शिकले. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर पाय आखडला असता, पण जागा लक्षात ठेवून टाळली नसती. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये शेवंडं जिवंत उकळायला बंदी घातली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि माकुळ-ऑक्टोपस यांना जाणीव असलेले जीव म्हणून धरलं.

आणि आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा? त्यात प्राण्याची व्याख्या आहे "मनुष्य सोडून कोणताही जिवंत जीव". म्हणजे ताईंच्या मोरीतली चिंबोरी आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच कायद्यात आली. फक्त पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आजही तेवढाच.

एक गोष्ट मला फार बोचते. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५३ कोटी ६७ लाख गुरं-शेरडं आणि ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकं मोजली. एकेक डोकं मोजलं. मासे मात्र टनात मोजतात. बांगडा कधीच "एक" नसतो.

मंडणगडची_लेक | ८ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

धागा पूर्ण वाचला. मला एक बोलायचं आहे आणि ते थोडं कडू आहे.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्या तालुक्यातलं. महाड इथून फार लांब नाही. १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसं गेली, कारण त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि आमची माणसं पिऊ शकत नव्हती. माझ्या आजोबांनी हे मला दहा वेळा सांगितलंय. म्हणून "प्राण्यांवर दया करा" असं कोणी सांगायला लागलं की माझ्या अंगावर काटा येतो. ज्यांच्या घरात गाईला गोग्रास निघायचा, त्यांच्याच अंगणात आम्हाला ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. आमच्या ताटात काय आहे यावरून आमची लायकी ठरवली गेली. मेलेलं जनावर ओढायचं काम आमचं, आणि ते ओढतो म्हणून अपवित्रही आम्हीच. तेव्हा प्रजातिवादाची तुलना जातीशी करायची असेल तर जरा जपून करा.

हे एवढं बोलल्यावर दुसरंही बोलते. ताईंनी कोणाच्या ताटाला बोट लावलेलं नाही, आधी स्वतःच्या मोरीत दिवा लावलाय. म्हणून मी इथे लिहितेय. "आम्हाला जनावरासारखं वागवलं" हे वाक्य आमच्या घरात हजारदा उच्चारलं गेलं. काल रात्री रेडकाचं वाचून मी पहिल्यांदा थांबले की हे वाक्य म्हणताना आपण काय गृहीत धरतो? जनावराला तसं वागवणं रास्तच आहे, चूक फक्त आम्हाला त्या रांगेत बसवण्यात झाली? मला उत्तर सापडलेलं नाही, पण प्रश्न खरा आहे.

समुद्रकाठची | ८ फेब्रुवारी, सकाळी ११:५०

मंडणगडची ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ चूलीपाशी नुसती बसले. आमच्या घरात गोग्रास निघायचा. ओंजळीत वरून पाणी ओतल्याचंही मी थोरल्या चुलत सासऱ्यांकडून ऐकलंय, आणि तेव्हा मी काही बोलले नव्हते. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दुधाला सात्त्विक आणि माशाला हिंसा म्हणणाऱ्यांनी आधी गोठ्यातल्या खुंट्याकडे बघावं, हेच मला या धाग्यातून म्हणायचं होतं.

नाखवा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

हर्णै बंदरातला आहे. तीन पिढ्या दर्यावर. लिहायची सवय नाही, गोड मानून घ्या.

प्रश्नचिन्हने टनाचं लिहिलं ते खरं आहे. आम्ही लिलावात टोपलीचा भाव करतो. गिऱ्हाईक बोट लावून बघतं आणि म्हणतं, "वा, फडफडीत ताजा." फडफडतो म्हणजे काय? बाहेरच्या हवेत त्याचे कल्ले चिकटतात, पाणी नाही, तो गुदमरतोय. बांगडा लवकर जातो. मुशी, वाम, शिंगाळा यांना वेळ लागतो. शिंगाळा तर बोटीच्या फळीवर कुरकुरतो, तो आवाज ज्याने ऐकला तो विसरणार नाही. माझा झील (मुलगा) पहिल्यांदा बोटीवर आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने शिंगाळ्याला बादलीत पाणी घालून ठेवलं. खलाशी हसले. मी नाही हसलो, कारण माझ्या बापसालाही मी असंच विचारलं होतं.

आता जे तुम्हाला दिसत नाही ते सांगतो. ट्रॉलचं जाळं तळ खरवडत जातं. त्यात पापलेट, सुरमई, कोळंबी थोडी. बाकी बोटाएवढी पिल्लं, खेकडे, शंख, नाव नसलेले मासे. आमच्या आज्याच्या वेळी असलं काही आलं तर परत टाकायचे, निदान काही जगायचे. आता ते सगळं ढीग करून फिशमीलच्या कारखान्याला जातं. वाळवून, दळून त्याचं खाद्य होतं, ते कोंबड्यांना आणि तळ्यातल्या कोळंबीला घालतात. म्हणजे जो मासा खात नाही पण अंडं खातो, त्याच्याही ताटात आमच्या जाळ्यातली पिल्लं आहेत. त्याला वास येत नाही एवढंच. आणि उद्याची मासळी आज दळली जाते, तेव्हा उपाशी आम्हीच मरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात ती पिल्लं वाढावीत म्हणून, आणि बाकी दहा महिने पिल्लंच उपसायची, याला काय म्हणायचं?

कासवाचं सांगतो. जाळ्यात कासव आलं की पूर्वी आम्ही घाईत असायचो, जाळं फाडायचं म्हणजे हजारोंचं नुकसान. २०१८ च्या शेवटी सरकारने योजना काढली, संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं तर जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये भरपाई. मोबाईलवर फोटो काढायचा, अर्ज करायचा. आम्ही कापतो. पण त्याच जाळ्यात कासवाच्या पोटाखाली दबलेली पाकट मासळी असते, तिच्यासाठी कोणी कापत नाही. तिला योजना नाही. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं टाळ्या वाजवतात, चांगलं आहे, माझ्या बायकोच्या डोळ्यांत पण पाणी येतं. मला पाकट आठवते.

बैलांचं राहिलंच. आमच्या बंदरात अजून बैलगाड्या पाण्यात जातात, बोटीवरचा माल किनाऱ्यावर आणायला. पर्यटक फोटो काढतात, सुवर्णदुर्ग मागे धरून. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभा, लाट आली की मान वर. मानेवर जू घासून जखम असते, तिच्यावर खारं पाणी. माझ्या शेजाऱ्याची जोडी आहे, तो संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने धुऊन खोबरेल लावतो, स्वतः जेवायच्या आधी. सगळे लावत नाहीत.

मोहोर | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

आंबा बागायतदार. इथे सगळे हळवे झालेत म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

माझी दोनशे कलमं आहेत. मोहोर आला की वानर-माकडांच्या टोळ्या. खातात थोडं, मोडतात जास्त. नारळाचे कोवळे बोंडे पाडतात, पोफळी सोलतात, कौलं फोडतात. भाताला रानडुक्कर. माझ्या वाडीतल्या चार घरांनी शेती सोडली ती केवळ यांच्या त्रासाने. मारुतीच्या देवळात नमस्कार करणारे आणि पुण्यामुंबईहून येऊन गाडीतून माकडांना वेफर्स टाकणारे, दोघंही आम्हाला दया शिकवतात. ती माकडं मग माणसाला भीत नाहीत आणि आमच्या स्वयंपाकघरात येतात. मोजायचं तर आमचाही जीव मोजा.

आता कबूल करतो. डुकरांसाठी मी फासकी लावायचो. गाडीच्या क्लचची तार, गाठ मारून वाटेवर. एका पहाटे बघायला गेलो तर भेकर होतं, छोटं हरीण. मागचा पाय अडकलेला. रात्रभर ओढून ओढून तार हाडापर्यंत गेली होती, भोवतालची माती वाटोळी उकरलेली. माझ्याकडे बघून ओरडलं नाही, थरथरत उभं राहिलं. सोडवलं, तीन पायांवर गेलं. जगलं नसणार. याच फासक्यांत आपल्या जिल्ह्यात बिबटे अडकून मेलेत, पेपरात वाचता तुम्ही. तारेला कळत नाही कोण आलंय ते.

त्या दिवशी सगळ्या तारा काढल्या. डुकराचं नुकसान अजून होतं, आता रात्री राखण करतो, डबे वाजवतो. झोप होत नाही. पण मला हेही खटकतं की भेकर होतं म्हणून मी हललो. त्याआधी चार डुकरं तशीच मेली होती, त्यांची माती पण अशीच उकरलेली असायची. तेव्हा मी फक्त तार परत ताणली.

पखवाजी | ९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी कणकवलीकडचा, डबलबारी भजनात पखवाज वाजवतो. ताईंनी विचारलंय घरात काय दिसत नाही. माझ्या मांडीवर आहे ते. पखवाजाची पुडी बकरीच्या कातड्याची, वाद्या चामड्याच्या. चांगल्या पुडीसाठी आम्ही कातडं बोटाने चाचपून बघतो, डाग नको, पातळ हवं. गजर करताना, विठ्ठलाचं नाव घेताना हात त्याच कातड्यावर पडतो. शाकाहारी भजनी बुवांना मी हे सांगितलं तर ते गप्प झाले. फायबरची पुडी वापरून पाहिली, नाद तसा येत नाही, खोटं बोलणार नाही. एकच बदल केलाय. पूर्वी नाद थोडा बसला की पुडी बदलायचो. आता जुनीच पुन्हा ताणून, शाई भरून घेतो. एक पुडी तीन वर्षं चालली.

आरोग्यसेविका | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

माझं सगळ्यात अवघड आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. पावसाळ्यात फुरसं, घोणस चावलेली माणसं येतात, बहुतेक भातलावणी करणाऱ्या बाया आणि गवत कापणारे. आम्ही देतो ते सर्पविषावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून बनतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचत वाढवतात, मग त्याचं रक्त काढतात, पुन्हा टोचतात, पुन्हा काढतात. वर्षानुवर्षं. सव्वाशे वर्षांपासून जगभर हीच पद्धत आहे.

मी हातातल्या कुपीकडे बघते तेव्हा मला ती चावलेली बाई दिसते. घोडा दिसत नाही. मी कुपी देणं थांबवणार नाही, कधीच नाही. पण कुपीवर घोड्याचं चित्र असावं असं मला वाटतं. आणि माणसं गमबूट घालून शेतात गेली, रात्री विजेरी घेऊन चालली तर बाया वाचतील आणि कुप्याही कमी लागतील. गमबूट घ्या म्हणून मी दर मे महिन्यात वाडीवाडीत सांगते, आता हे घोड्याचंही सांगेन.

केळशीकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

डॉक्टरसाहेब, कोंबड्यांचं राहिलं. आमच्या भागात ब्रॉयलरच्या शेड वाढल्यात.

गुरांचा_डॉक्टर | १० फेब्रुवारी, सकाळी ८:१०

ब्रॉयलरचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं. गावठी कोंबडीला तेवढं व्हायला सहा महिनेही पुरत नाहीत. छाती भरते, पाय तेवढे भरत नाहीत, शेवटच्या आठवड्यात कित्येक जण बसूनच खातात. अंड्याच्या कोंबड्या पिंजऱ्यात असतात, एका कोंबडीच्या वाट्याला शाळेच्या छापील प्रश्नपत्रिकेच्या कागदापेक्षाही कमी जागा, पंख पूर्ण पसरत नाहीत. त्या जातीचे नर ना अंडी देतात ना मांसाला परवडतात, त्यामुळे अंड्यातून बाहेर आले त्याच दिवशी मारले जातात. रेडकाला निदान वीस दिवस कोणीतरी बघतं.

शेड चालवणारा शेतकरी कराराने बांधलेला असतो, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, कर्ज त्याचं. त्याच्यावर दोष टाकून आपण सुटू नये.

समुद्रकाठची | ११ फेब्रुवारी, पहाटे ५:२०

डॉक्टरसाहेब, तातडीने विचारते. शेजारच्यांची म्हैस तासाभरापूर्वी व्याली. रेडा आहे. वार अजून पडलेली नाही. मालक म्हणतात वार पडल्याशिवाय पाजायचं नाही, आणि त्यांच्या सूनबाईंनी खरवसासाठी पातेलं काढून ठेवलंय. काय करू?

गुरांचा_डॉक्टर | ११ फेब्रुवारी, पहाटे ५:३२

वारेची वाट बघू नका. पिल्लाने चोखलं तर वार पडायला उलट मदतच होते, मालकांना हेच सांगा, ऐकतील. सड कोमट पाण्याने पुसा, पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर काढा, रेडकाला आधार देऊन सडाला लावा. उभं राहत नसेल तर चीक काढून बाटलीने, मान सरळ ठेवून, घाई न करता. सकाळी सात वाजेपर्यंत दीड लिटर पोटात गेला पाहिजे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. पातेलं आज नाही, परवा भरा.

समुद्रकाठची | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:००

पाजला. आधी पाय फाकून पडत होतं, मी आणि सूनबाईंनी दोन्ही बाजूंनी धरलं. सड तोंडात आल्यावर शेपटी हलवायला लागलं, म्हैस मागे वळून त्याला चाटत होती. साडेसातपर्यंत प्यायलं. वार नऊच्या सुमारास पडली. मालक म्हणाले, "महिनाभर दोन सड त्याचे, पुढचं पुढे बघू." त्यांचं दूध सोसायटीत जातं, त्यांना दिवसाला किती तोटा येईल ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. मी खानावळीसाठी रोज दोन लिटर त्यांच्याकडून थोड्या चढ्या भावाने घ्यायचं कबूल केलंय. महिन्यानंतर काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

चिंबोऱ्यांचं: खाडीवरच्या बाईंशी बोलले. आता ज्या दिवशी पान लावायचं त्याच सकाळी घेणार, आगाऊ पैसे आल्याशिवाय घेणार नाही. फलकावर "जिवंत चिंबोरी" लिहिलं होतं ते पुसलं. प्रश्नचिन्ह, जिवंतपणी डेंगे मोडायचे नसतील तर काय करायचं ते सांगशील का?

प्रश्नचिन्ह | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

ताई, आमच्या मॅडमना विचारलं. बर्फाचा चुरा आणि समुद्राचं पाणी एकत्र करून त्यात पूर्ण बुडवून ठेवायची, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत. गोडं पाणी नको. मग उलटी करून पोटाकडची त्रिकोणी झापड उचलायची, तिच्याखाली एक आणि डोळ्यांच्या मागे एक अशी मज्जासंस्थेची दोन ठिकाणं असतात, तिथे टोकदार सुरी लगेच घालायची. डेंगे त्यानंतर. मी रविवारी दापोलीला येतेय, समोर करून दाखवते.

नाखवा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

बर्फ बंदरावरून माझ्याकडून न्या. आणि रविवारी माझ्या झिलाला पण पाठवतो, त्याला बघायचं आहे.